मामाची वीट

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायचा तर आमच्या गावचे लोक आधी माझ्या मामाला गाठत. गुडघ्यापासून खुरापर्यंत तळहात फिरवून तो पाय कुठे आखडलाय ते सांगायचा. औषध एकच, तापल्या विटेचा शेक. घोडे बरे व्हायचे, म्हणून त्याच्या शब्दापुढे डॉक्टरही फिके.

मला शेतापर्यंत चालताना पोटरीत गोळा येऊ लागला. थांबलो की जायचा, चाललो की परत. मामाने सगळ्यांदेखत मला कामचुकार ठरवलं. पुढे उजवं पाऊल गार पडलं, बधिर झालं, तेव्हा त्याने त्यावरही तळहात फिरवला.

"वात शे. इट तपाडीसन शेक देस."

शेक त्यानेच दिला. बधिर पावलाला चटका कळलाच नाही. फोड आला, तो चिघळला. नंदुरबारचे डॉक्टर म्हणाले, तू ओढतोस त्या विड्यांनी पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात, रक्तच पोचत नाही तर जखम भरेल कशी? दोन बोटं कापावी लागली. मामा भेटायला आला आणि म्हणाला, देवाची मर्जी. त्या दिवसापासून मी त्याच्यावर दात धरून होतो.

तीन वर्षांनी त्याच यात्रेत मामा चालता चालता थांबला आणि पोटरी चोळू लागला. मला इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

दुसऱ्याच दिवशी त्याला त्याच डॉक्टरांकडे नेलं. आजारही तोच निघाला. विडी बंद, आणि रोज पोटरी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. मी मनात पेढे वाटले. त्याचं विड्यांचं बंडल चारचौघांत नाल्यात फेकलं. आता रोज सकाळी त्याला तापीच्या वाटेने पुढे घालतो, मागून मी काठी टेकत. ठरल्यापेक्षा जास्त थांबला की लोकांना ऐकू जाईल असं म्हणतो, बहाना नको करू मामा. तो शिव्या घालतो. मला त्या गोड लागतात.

घरी आल्यावर त्याचे पाय मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्या तपासतो, कुठे चीर पडली नाही ना. वीट तर सोडाच, गरम पाण्याची पिशवीही घरात ठेवू देत नाही.

काल त्याने हळूच विचारलं, "आते तरी तुन्हा राग गया का भाचा?"

त्याची दहाही बोटं शाबूत होती. माझी आठ. नाही गेला, म्हणालो, आणि त्याचा दुसरा पाय मांडीवर घेतला.