पलतड दाखवणारा कॅमेरा

माझ्या बायकोच्या मामांइतका चोखंदळ माणूस अख्ख्या डिचोली तालुक्यात दुसरा झाला नाही. पेडण्यात तर तो होणं शक्यच नव्हतं, कारण आम्ही पेडण्याची माणसं पुढ्यात येईल ते उचलून मोकळी होतो. मामांना मात्र वस्तू घेण्यापेक्षा निवडण्यात आनंद. साखळीच्या बाजारात ते छत्री घ्यायला ऐन उन्हाळ्यात निघत आणि पाऊस सरत आला तरी छत्री घरी आलेली नसे. नारळ घ्यायचा तर एकेक कानाशी धरून हलवत आणि तोंड असं करत की नारळानं त्यांच्या कानात घरातलं काहीतरी सांगितलं असावं. लग्नाआधी मुलाचं घर बघून यायची कामगिरी सासरच्या मंडळींनी त्यांच्यावर सोपवली, ही तर माझ्या आयुष्यातली मोठीच परीक्षा होती. पार्सेच्या आमच्या घरी ते इतक्यांदा आले की शेवटी आमच्या कुत्र्यानं त्यांच्यावर भुंकणं सोडून दिलं. प्रत्येक वेळी विहीर बघत, काजूची झाडं बघत, मला उभा करून बघत, चहा घेत आणि ‘कळयतां’ म्हणून निघून जात. पुढं लग्न झाल्यावर मी त्यांना याबद्दल छेडलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “छत्री बदलून मेळटा. जावय मेळना.”

वीजखात्यातून निवृत्त झाल्यावर मामा-मामी नार्व्यात नदीकाठच्या घरात राहत. मामींचं माहेर समोरच, नदीच्या पलतडी. मागच्या दाराच्या पायरीवर बसलं की पाण्यापलीकडे माडांच्या गर्दीत लाल कौलं दिसायची, अंगणातल्या तुळशीचा पांढरा ठिपका दिसायचा. तिथं मामींचे थोरले भाऊ राहत. त्यांना आम्ही सगळेच दादा म्हणायचो. मधे नदी आणि नदीवर फेरीबोट. बोटीला माणसाला तिकीट नाही, पलीकडे पोचायला विडी ओढून होण्याइतका वेळ पुरतो. पण मामा त्या बोटीत वर्षानुवर्षं चढले नव्हते, आणि त्याचं कारण होतं माटोळी.

चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला फळंपानं बांधतात, ती माटोळी. मामा जावई म्हणून पलतडी गेले असता एका चवथीच्या आदल्या दिवशी दादांनी ते काम त्यांना दिलं. आता मामांच्या हाती माटोळी देणं म्हणजे काय, हे दादांना कळायला हवं होतं. चिबूड मधे की कडेला, तोरिंगणाच्या शेजारी पोफळांचा घोस शोभेल की शहाळी, यावर मामांचा विचार सुरू झाला तो सकाळी, आणि दिवेलागण झाली तरी चौकटीवर चार फळं लागली होती. तीही एकदा सोडून पुन्हा बांधलेली. घर पै-पाहुण्यांनी भरलेलं. तेवढ्यात दादा सगळ्यांदेखत बोलून गेले, “भावोजी, तुमची माटोळी जायसर आमचो गणपती विसर्जनाक वतलो.” माटोळी होईपर्यंत गणपती विसर्जनाला जाईल, या बोलावर घर हसलं. मामाही हसले म्हणतात. पण गणपतीचा नमस्कार करून घरी आले आणि परत पलतडी पाऊल टाकलं नाही.

भांडण असं झालंच नाही, हीच त्यातली अडचण होती. भांडण झालं असतं तर कुणी मिटवलं तरी असतं. दादांनी माफीबिफी मागितली नाही, पण दर चवथीआधी आपल्या कुळागरातली माटोळीची फळं पाटलीत, म्हणजे टोपलीत भरून, वर सुंभानं बांधून फेरीतून पाठवून द्यायचे. इकडून मामी नेवऱ्यांचा डबा पाठवायच्या. मामांनी मामींना जायला कधी नको म्हटलं नाही, उलट ‘तूं वचून यो’ म्हणून मागे लागायचे. पण मामींचं एकच म्हणणं, गेले तर जोडीनं जाईन. तेव्हा त्या दुपारची भांडी झाली की मागच्या पायरीवर बसायच्या आणि समोरच्या लाल कौलांकडे बघत राहायच्या. एके दिवशी त्या एवढंच म्हणाल्या की दादा खूप वाळला असं ऐकते, इथून काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या घरी मामांचा फोन आला. लांबचं जवळ दिसतं असा कॅमेरा घ्यायचा आहे, जावयांनी सोबत यावं.

फेरी फुकट आहे, असं मी एकदा म्हणून पाहिलं. मामांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की पार्सेतली विहीर पुन्हा तपासायला येतात की काय असं मला वाटलं. “फेरी आसा तें म्हाका खबर आसा,” म्हणाले, आणि पुढचे कितीतरी दिवस माझ्याशी फक्त हवापाण्याचं बोलले.

तेव्हा मोबाइलच्या पाठीला अजून धड डोळा फुटला नव्हता. कॅमेरा हवा तर कॅमेराच घ्यावा लागे. मामांच्या अटी दोनच होत्या. झूम असा लांब हवा की पलतडीचं माणूस ओळखू यावं, आणि कॅमेरा सदऱ्याच्या खिशात मावावा, म्हणजे म्हातारपणी हे काय खूळ असं गावानं म्हणू नये. या दोन अटी एकमेकींशी नांदत नसत. झूम लांब असला की कॅमेऱ्याचं नाक खिशाबाहेर येई. खिशात मावला की पलतड पलतडीच राही. मामांनी मामींकडून दोन सदऱ्यांचे खिसे उसवून मोठे करून घेतले. ते सदरे घालून आम्ही साखळी, म्हापसा, पणजी अशी दुकानं पालथी घातली. मामा खिशात कॅमेरा घालून दुकानात वाकून बघत, उठून बघत, एकदा तर शिंकूनही बघितलं. ऑप्टिकल झूम खरा आणि डिजिटल झूम नुसतं फुगवलेलं चित्र, हे एका विक्रेत्यानं सांगितल्यापासून तर ते प्रत्येक दुकानात शिरल्याशिरल्या आधी डिजिटल झूम बंद करायला लावत.

आणि कॅमेऱ्याची परीक्षा दुकानात थोडीच होते. मामा तो घेऊन फूटपाथवर येत आणि रस्त्याच्या टोकाला असलेलं काहीतरी जवळ आणून बघत. साखळीच्या बसस्टँडवर त्यांनी अशीच पणजीच्या एका बसची पाटी लांबून टिपली. कंडक्टरनं ते पाहिलं. त्याला वाटलं हा आरटीओचा साहेब. त्यानं दारात लोंबकळणारी माणसं आधी आत कोंबली, मग ती मावेनात म्हणून काहींना खाली उतरवलं आणि मग स्वतः येऊन मामांना उसाचा रस पाजला. मामांनी रस घेतला, आभार मानले आणि मला म्हणाले की फोटोत पाटी स्वच्छ आली, पण कंडक्टरच्या शर्टाचा रंग जरा जास्तच तांबडा दिसतो. तो कॅमेरा बाद झाला.

असं करता करता दिवाळी यायची, नवे कॅमेरे यायचे, झूम आणखी लांब व्हायचा आणि मामा पहिल्यापासून सुरुवात करायचे. मामी पायरीवर बसलेल्याच. शेवटी दोन कॅमेरे उरले, एक काळा, एक चंदेरी, आणि मामांना काही केल्या ठरवता येईना. तेव्हा त्यांनी जे केलं ते आमच्याच मुलखात होऊ शकतं. ते देवळात जाऊन प्रसाद लावून बसले. मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, मनातलं विचारायचं आणि कुठली पडते ते बघायचं. लोक लग्न, जमीन, नोकरी असलं काही विचारतात. मामांनी विचारलं, उजवी काळ्याची, डावी चंदेरीची. पाकळी पडेना. भटजी उभे, मामा उभे, मी खांबाला टेकलेला. नैवेद्याची वेळ टळत चालली. देवालाही तुलना करून बघायची असेल. अखेर दोन्ही पाकळ्या एकदमच खाली आल्या. मामांनी विचारलं, म्हणजे दोन्ही घ्यायचे का. भटजींना भूक लागली होती, आणि पलतडची गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. ते म्हणाले, “देवाक कॅमेरो खबर ना. खंय वचपाचें तें विचारात, तो सांगतलो.” कुठं जायचं ते मामांनी देवाला काही विचारलं नाही. तीर्थ घेतलं, ओंजळ डोळ्यांना लावली आणि कुठलाच कॅमेरा न घेता घरी आले.

त्या वर्षी चवथीच्या आदल्या दिवशी आम्ही नवराबायको नार्व्यालाच होतो. सकाळच्या फेरीनं पलतडची पाटली आली. आणून देणारा शेजारी पाटली ठेवून घाईनं परतला. मामींनी ती पायरीवर ठेवली, सुंभाकडे बघितलं आणि गाठ सोडायला नेलेला हात तसाच धरून बसल्या. “ही गांठ दादाची न्हय,” म्हणाल्या. दादांची गाठ मी कधी निरखून पाहिली नव्हती. पण मामींनी लहानपणापासून ती बघितली होती, आणि ही तर कुणीतरी कशीबशी मारलेली होती. मामांनीही पाटलीला हात लावून बघितलं. मग आत गेले, मिळेल तो सदरा चढवला आणि मला म्हणाले, गाडी काढा.

साखळीला आम्ही पहिल्या दुकानात शिरलो. मामांनी समोर दिसलेल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं आणि बांधून द्यायला सांगितलं. खोका उघडलाही नाही. दुकानदार त्यांना चांगला ओळखून होता. तो इतका घाबरला की आपणहून आणखी तीन कॅमेरे काढून काउंटरवर मांडू लागला आणि हे तरी बघा म्हणून विनवू लागला. मामा तोवर बाहेर पडले होते. रंग कुठला घेतला हे त्यांना घरी येऊन कळलं. काळाही नव्हता आणि चंदेरीही नव्हता. खिशात तर तो जायचं नावच घेईना.

मागच्या पायरीजवळ सोललेल्या नारळांचा ढीग होता. त्यावर टॉवेल टाकून मामांनी कॅमेरा टेकवला, म्हणजे हात हलायला नको. झूम घूं घूं करत पुढं सरकला. आधी नदीचं पाणी, मग माड, मग लाल कौलं, मग तुळस, आणि मग सोप्यावर खुर्चीत बसलेले दादा. खूपच वाळलेले. उजवा हात गळ्यात बांधलेला. मामी त्या एवढ्याशा स्क्रीनवर इतक्या वाकल्या की मामांना काही दिसेना. “पडला गे माझो भाव,” एवढंच त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसू लागल्या. मामांनी कॅमेरा किंचित खाली केला. दादांच्या पायाशी माटोळीची चौकट पडली होती. रिकामी. शेजारी फळांचा ढीग, आणि त्यांच्याकडे बघत बसलेला एकटा माणूस. मुलं मुंबईला, ती रात्रीच्या बसनं निघून चवथीच्या सकाळी उगवायची.

मामा बराच वेळ बघत राहिले. मग कॅमेरा बंद करून म्हणाले, “माटोळी बांदूंक ना अजून.” हे ते कुणाला म्हणाले देव जाणे. आत जाऊन त्यांनी पायांत वहाणा घातल्या, छत्री घेतली आणि दारातून मामींना हाक मारली, “येता मगो?” मामी नेसत्या लुगड्यानिशी निघाल्या, मागोमाग कॅमेरा घेऊन मी.

फेरीत मामा कठड्याला धरून उभे होते आणि पाण्याकडे बघत होते. मला मनातून भीती वाटत होती की आता मामा आणि दादा एकमेकांना काय बोलणार. दादांनी आम्हांला अंगणात येताना पाहिलं, बहिणीकडे बघून मान हलवली, डोळे भरून आले ते डाव्या हातानं पुसले आणि मामांना म्हणाले, “आयलात? फाल्यांसर जातली मगो?” माटोळी उद्यापर्यंत होईल ना, एवढंच विचारलं. मामांनी छत्री खुंटीला लावली, बाह्या सारल्या आणि चिबूड हातात घेऊन फिरवून फिरवून बघू लागले. “पळोवया,” म्हणाले. त्या दिवशी माटोळी पूर्ण व्हायला दिवेलागण झालीच. दादा डाव्या हातानं एकेक फळ पुढं करत होते आणि मामा ते घेऊन विचार करत उभे राहत होते. मधेच दादा सांगायचे, ह्या बाजूला नको, त्या बाजूला. आणि मामा ऐकायचे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

शेवटी माटोळीखाली दोघा भावाबहिणींचा फोटो काढायचं ठरलं. इतका लांब झूम, पण माणसं चौकटीत मावेनात. मामा मागं सरकत सोप्यावरून अंगणात उतरले, तुळशीला पाठ लागली तेव्हा कुठं ते दोघं आणि माटोळी मावली.

त्यानंतर मामांनी झूम म्हणून वापरला नाही. दर चवथीला पलतडी जाऊन जवळूनच फोटो काढत. दादा आता नाहीत. मोबाइल आले, कॅमेऱ्याची बॅटरी जेमतेम तग धरते. तरी मामा माटोळी बांधायला जातात आणि मामी दादांच्या खुर्चीत बसतात. गेल्या चवथीला मामा कॅमेरा न्यायला विसरले, म्हणून मी मागच्या पायरीवर नारळांवर तो टेकवून पलतड जवळ आणली आणि त्यांचाच फोटो काढला. हात हलला, जरा पुसट आला. संध्याकाळी परत आल्यावर मामांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो पुष्कळ वेळ बघितला.

“बरो आयला,” म्हणाले. “पूण चिबूड दाव्या वटेन जाय आशिल्लो.” आता ‘ह्या बाजूला नको’ म्हणून टोकणारं कुणी नव्हतं. मग कॅमेरा मामींच्या हातात देत हळूच म्हणाले, “दादा आशिल्लो जाल्यार तेन्नाच सांगपाचो.”