जागा आत्याच्या नावावर होते

आमची आत्या फटकळ. ब्लाउज बिघडला तर गिऱ्हाइकाच्या आधी स्वतःच सांगायची, "हात चुकला माझा, उसवून देते." त्यामुळे तिच्या शब्दावर सगळी इमारत डोळे मिटून विश्वास ठेवायची.

आजोबा अंथरुणाला खिळले, तेव्हा शिलाई मशीनवर बसून ते दिसावेत म्हणून तिने मधली भिंत पाडायला लावली. पाडली माझ्या वडिलांनी. ते गिलाव्यात वस्ताद. भिंत थापटून म्हणाले, "ही नुसती आडोशाची आहे, ताई." गिलावा करणाऱ्याला भिंतीची कातडी कळते, हाडं नाही, हे आम्हाला फार उशिरा समजलं.

आजोबा गेले. जागा भाडेपट्ट्याची. वारसाच्या नावावर करायची तर जमीनमालकाच्या कचेरीतला माणूस पाहणीला येणार, आणि विनापरवाना मोडतोड दिसली की पट्टा रद्द. आत्याला दुसरं छप्पर नव्हतं. नेमका तेव्हाच छताला तडा गेला. जिथे भिंत होती, बरोबर तिथेच.

वडिलांनी तो बुजवून वर चुना फासला. भिंतीच्या जागी प्लायवूड ठोकून रंगवलं. आठवडाभरात तडा पुन्हा उमटला, जरा रुंद होऊन.

मी चिडलो. "आत्या, वरच्या मजल्यावर सांग. इंजिनिअरला दाखवू."

"आणि मग मी कुठे जाऊ? तुझ्या डोक्यावर बसू?"

माझी एकच खोली. मी गप्प बसलो, याची मला लाज वाटते.

वडिलांनी पुन्हा चुना फासला. दुसऱ्याच दिवशी कचेरीतला माणूस आला. नकाशाशी खोल्या ताडून पाहिल्या आणि त्या प्लायवूडलाच टेकून चहा प्यायला. "जागा छान ठेवलीय," म्हणून गेला. जागा आत्याच्या नावावर झाली. आत्याने मशीन मात्र दाराजवळ ओढून घेतलं आणि आतल्या खोलीत झोपणं सोडलं.

परवा मी तिथेच होतो. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका दारात आल्या, कडेवर मूल.

"आमचा दरवाजा घासतोय हो. फरशीही खचल्यासारखी वाटते. तुमच्याकडे छताला काही दिसतंय का?"

मला वाटलं, आता आत्याच्या तोंडून खरं निसटणार. निसटावं, असं मनापासून वाटलं.

"छे हो," आत्या म्हणाली. "दिसलं असतं तर सांगितलं नसतं का?"

"तुम्ही म्हणताय म्हणजे नसणारच," त्या हसून म्हणाल्या आणि मुलाला झोपवायला वर गेल्या.