भाड्याची मदत नको

"मला छातीच्या औषधापुरती मदत दे, भावड्या. भाड्याची नको म्हंते ना मी!"

"मावशी, घ्यायची तर दोन्ही घ्याव्या लागतात," विडी कामगारांच्या मदत मंडळाचा कारकून दीपक म्हणाला. "भाड्याच्या अर्जावर घरमालकाची सही आणा, म्हणजे झालं."

लंकाबाईचं टाळकं सणकलं. चांदवडकडून नाशकात आली तेव्हापासून ती एकाच खोलीत राहत होती, आणि मालकाला भाडं वाढवायचं अजून सुचलं नव्हतं. शेजारच्या हौसाबाईनं गेल्या साली अशीच सही घेतली. मालकाला मदतीचा वास लागला आणि त्यानं मदतीएवढं भाडं चढवलं. पुढं मदत बंद झाली, पण भाडं काय उतरलं नाय. हौसाबाई खोली सोडून नाल्याकाठच्या पत्र्याच्या खोपटात गेली.

"मदत हौसाची आन पोट भरलं मालकाचं! आता माझी खोली बी घालवतो का रं? खरं सांग, सक्ती हे का?"

दीपकनं मान खाजवली. "सक्ती नाय. पण भाड्याची मदत घेणारी माणसं कमी भरली की साहेब ओरडतात."

"तुझा सायब ओरडंल म्हनून मी उघड्यावर जाऊ व्हय? मगाधरनं खोटं बोलतो, मेल्या! लिही, निस्तं औषध."

त्यानं तसं लिहिलं. लंकाबाईनं ते रांगेतल्या एका पोरीकडून वाचून घेतलं, मगच अंगठा उठवला. घरी येईस्तवर ती दीपकच्या सात पिढ्या उद्धरत होती. दारात बसून तिनं तंबाखूचं सूप मांडीवर ओढलं, भिजवलेलं पान कातरलं आणि विड्या वळायला घेतल्या.