ओरडत नाही म्हणजे वेळ आहे

माझी मोठी नणंद सासर सोडून आली होती, टेमघरला आमच्यातच राहायची. निजामपुऱ्यातल्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात कामाला होती. कापडाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभं राहून कंबर गेलेले कामगार तिथे यायचे आणि ती त्यांच्या पाठीला पॅड चिकटवून मशीन लावायची. तळहातावर मावेल एवढं, सेलवर चालणारं मशीन. कातडीखाली मुंग्या आल्यासारखं होतं आणि दुखणं जरा मागे सरतं. माझे दिवस भरत आले तेव्हा ती म्हणाली, बाळंतकळांनाही हे चालतं, डॉक्टरांना विचारून घेतलंय, घेऊन जाऊ. मी लगेच हो म्हटलं. दुखून घ्यायची हौस मला कधीच नव्हती. सासूबाई मात्र, बाईच्या जातीला कळा सोसाव्याच लागतात, असं दोन दिवस पुटपुटत होत्या.

भर दुपारी कळा सुरू झाल्या. बाळंतपणाच्या दवाखान्यात नातेवाइकांना आत सोडत नव्हते, म्हणून नणंदेने, आमच्या ताईंनी, बाहेरच्या बाकावरच पॅड लावून दिले, दोन पाठीवर, दोन खाली कमरेशी. कळ आली की बटण दाब, ओसरली की सोड, एवढंच सांगितलं. आत गेल्यावर सिस्टरने विचारलं, काय गं, मोबाईल चार्जिंगला लावलायस का? तिथल्या आया मावशी हसल्या, मीही हसले. दुखत नव्हतं असं नाही, चांगलंच दुखत होतं, पण बटण माझ्या हातात होतं. त्याचाच केवढा आधार वाटत होता.

माझं एक आधी सांगायला हवं. मी कामतघरच्या चाळीत वाढले. आई लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची आणि शाळा सुटली की मी तिच्यापाशीच. त्या खडखडाटात ओरडून काही उपयोग नसतो, नुसता घसा फाटतो. तिथे सगळे हातानेच बोलतात. आमच्या कारखान्यात हात वर करून पंजा दोनदा खाली आणला की लूम अडलाय, लगेच ये. मिस्त्री असेल तिथून धावत यायचा. मला तीच सवय. नवरा म्हणतो, तुझं भांडणसुद्धा मुकं असतं.

खोलीत आणखी दोघी होत्या. त्या आईच्या नावाने टाहो फोडत होत्या आणि सिस्टर त्यांच्यातच अडकली होती. डॉक्टरबाईंनी दारातून माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हिचं काय?

"ती ओरडत नाही म्हणजे अजून वेळ आहे," सिस्टर म्हणाली.

मी माझ्या कानांनी ऐकलं हे. बाळाचे ठोके ऐकायला ती मी आत गेल्या गेल्या एकदा आली होती, त्यानंतर माझ्या पोटाला कोणी हात लावला नाही.

मग एकदम खाली जोर आला. हे बटणाच्या आवाक्यातलं नव्हतं. बाळ येतंय, मला कळलं. मी हाक मारली, पण त्या दोघींच्या आवाजात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. तेव्हा माझा हात आपोआप वर गेला. पंजा दोनदा खाली. दाराशी मावशी उभ्या होत्या, त्यांनी पाहिलं. मी पुन्हा केलं. त्यांनी हसून मला हात हलवला आणि बाहेर गेल्या. त्यांना वाटलं, मी सांगतेय, माझं बरं चाललंय, तुमचं होऊ द्या.

मुलगी होती. नाळ गळ्याभोवती आवळलेली. मग मात्र सगळे धावले, तिला उचलून टेबलावर नेलं, पाठ चोळली, नळी घातली. ती रडली नाही. माझ्या पाठीवरचं मशीन कोणी बंद केलं नव्हतं, मुंग्या चालूच होत्या.

"आधी आवाज नाही का द्यायचा?" सिस्टर मला म्हणाली.

अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

घरी सासूबाईंनी एकच धरलं. करंट लावून पोर मारलं हाय हिनं. हे स्वतःच्या लेकीला बोलायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर. मशीनचा काही संबंध नाही, ठोके वेळेवर ऐकले असते तर कळलं असतं, हे डॉक्टरबाईंनीच नवऱ्याला सांगितलं होतं. पण ऐकतंय कोण! ताईंनी फिजिओथेरपीची नोकरी सोडली. माझ्याशी बोलताना त्या खाली बघायला लागल्या, आणि ते मला मुलगी गेल्यानंतरचं सगळ्यात जास्त लागलं.

पुढच्या खेपेलाही तोच दवाखाना, दुसरीकडे जायची सोय नव्हती. मी ताईंना म्हटलं, मशीन आणा. त्या नको नको म्हणत राहिल्या. शेवटी मी बाहेरच्या बाकावर बसले आणि त्यांच्याकडे पाठ केली.

"ताई, तुम्ही काही केलं नाहीत. लावा."

त्यांनी लावलं.

आणि आत पाय ठेवल्यापासून मी ओरडायला लागले. कळ असो नसो. चाळीतल्या कोणी ओळखलं नसतं मला. सिस्टर वैतागली, आत्ताशी तर सुरुवात आहे, एवढं काय दुखतंय? पण माझं तोंड बंद करायला तिला दर थोड्या वेळाने यावं लागलं, आणि आली की ठोके ऐकावे लागले. मला तेवढंच हवं होतं.

मुलगा झाला. खणखणीत रडला. सगळ्या म्हणाल्या, झालं ना आता, गप्प हो बाई. मला गप्प होता येईना.