अक्षतेचा अर्धा दाणा

खंडेनवमीला कारखान्याच्या पूजेसाठी अक्षता आमच्या घरून जायच्या. बायको सकाळी चटईवर बसून ताटात तांदूळ पसरायची आणि कणी दिसली की बोटाने बाजूला सारायची. अक्षता म्हणजे अख्खा दाणा, तुटका एकसुद्धा चालत नाही, यावर तिचा इतका कटाक्ष की मूठभर तांदळाला अर्धा तास लागायचा. मी चपला घालून दारात उभा राहायचो आणि बस चुकणार म्हणून कुरकुरायचो. ती मान वर न करता निवडत राहायची. मग कुंकू लावून, वाळवून, डबीत भरून माझ्या हातात द्यायची.

घर घाटकोपरला, कारखाना मुलुंडला. आम्ही मोठे व्हॉल्व्ह बनवायचो आणि मी टेस्टिंगला होतो. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत आमच्या एवढ्याशा शेडला एका अणुवीज केंद्राचं काम मिळालं. सोसायटीत मी ते कुणाला सांगायचं बाकी ठेवलं नाही. अणुभट्टी ज्या जाड भिंतींच्या इमारतीत असते तिथली हवा मोठ्या पाइपांतून बाहेर काढतात, त्या पाइपात आमचा व्हॉल्व्ह बसणार होता. परातीपेक्षा मोठी पोलादी तबकडी, आणि ती बंद झाल्यावर जिथे टेकते तिथे रबराची रिंग. एरवी ती दाबाच्या हवेने उघडी धरून ठेवायची. आत काही बिघडलं की हवा सुटते, स्प्रिंग ओढते आणि दोन-तीन सेकंदांत तबकडी बंद. मग आतली हवा आतच राहिली पाहिजे. तिथे जवळजवळ बंद असा प्रकार नाही, हे मी चहाच्या टपरीवरसुद्धा ऐकवायचो.

नवमीच्या आदल्या दिवशी पहिल्या व्हॉल्व्हची शेवटची चाचणी झाली. अणुवीज केंद्राकडून आलेले इन्स्पेक्टर शेजारी उभे होते. बंद तबकडीच्या एका बाजूला हवा भरली, दुसऱ्या बाजूला कडेने साबणाचं पाणी लावलं. एक तास आम्ही दोघं वाकून बघत होतो. एक बुडबुडा आला नाही. त्यांनी सही केली, आणि आता याला हात लावायचा नाही, उघडझाप करायची नाही, सरळ पेटीत घालायचा, असं बजावून गेले.

दुसऱ्या दिवशी तो व्हॉल्व्ह टेबलावर होता, झेंडूच्या माळा घातलेला. मालकांची म्हातारी आई पूजेला आली होती. तिला पोराने काय बनवलंय ते दाखवायचं होतं, आणि बंद तबकडीत बघण्यासारखं काय असणार? मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मला कालचं बजावणं आठवत होतं. तरीही हवेची नळी मीच जोडली. खोटं कशाला बोलू, मलाही ते सगळ्यांना दाखवायचं होतं. तबकडी उघडली, आरती झाली, सगळ्यांनी अक्षता टाकल्या. मग मालकांनी हवा सोडली आणि व्हॉल्व्ह धाडकन मिटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारीने पुढे होऊन त्याला हात लावून नमस्कार केला.

मध्ये दसऱ्याची सुट्टी. त्यानंतरच्या दिवशी मी पोचलो तेव्हा पॅकिंगवाल्यांनी पहाटेपासून काम उरकलं होतं. व्हॉल्व्ह फळ्यांच्या पेटीत गेला होता, खिळे ठोकून झाले होते, ट्रक दारात होता. मी टेबल पुसायला घेतलं. सुकलेली फुलं, लाल दाणे. ते गोळा करताना बोटाला एक अर्धा दाणा लागला. चिरडलेला नव्हता. मधोमध सुरीने कापावा तसा तुटलेला, एक बाजू लाल आणि तुटलेली बाजू पांढरी.

मी तिथेच उभा राहिलो. आमच्या घरच्या अक्षतांत अर्धा दाणा नसतो. मग हा व्हॉल्व्ह मिटताना तबकडीच्या कडेखाली सापडून तुटला असणार. उरलेला अर्धा टेबलावर कुठेच नव्हता. मी टेबलाखाली गुडघ्यांवर बसून शोधला. तो रबरात रुतला असेल तर तिथे खाच पडली असणार, आणि तेवढी वाट हवेला पुरते.

फिटर मिस्त्री मालवणकडचे, गिरणीचा संप चिघळल्यावर आमच्याकडे आलेले. त्यांना दाणा दाखवला. त्यांनी तो तळहातावर घेऊन उलटसुलट करून पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला. पण ट्रककडे बघत ते म्हणाले, "आता खोको फोडूचो काय? मालकांका इचार."

मालकांनी ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, हे मी आजही सांगेन. पेटी फोडायची तर इन्स्पेक्टरना परत बोलवावं लागणार, पुन्हा चाचणी, आणि चाचणीनंतर उघडझाप केल्याचं कबूल करायचं. केली कुणी? नळी जोडली कुणी? हे त्यांनी विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे बघत राहिले. कुणाचा तरी पाय पडला असेल, म्हणाले. टेबलावर कोण पाय देतो, असं मी म्हटलं. त्यावर ते हसले.

"निवडताना वहिनींच्या नजरेतून सुटला असेल," ते म्हणाले. "आणि देवाच्या अक्षतेनं कुणाचं वाईट होत नाही."

ट्रक निघाला. फाटकापर्यंत मी त्याच्या मागे चालत गेलो. थांबवायचा म्हणजे काय करायचं, हे मला माहीत नव्हतं. आडवा पडू? ड्रायव्हरने हात केला, मीसुद्धा केला.

संध्याकाळी घरी आल्यावर बायकोला विचारलं, अक्षतांत एखादी कणी राहिली असेल का. मला तिने हो म्हणायला हवं होतं. आयुष्यात कुणाच्या तोंडून हो ऐकायची इतकी गरज मला कधी वाटली नाही. ती दुखावली. म्हणाली, "एकही नाही. मी दोनदा पाहिल्यात." आणि पोळ्या लाटायला गेली. का विचारतोय, ते मी सांगितलं नाही.

तो अर्धा दाणा मी फिल्मच्या रोलच्या प्लास्टिकच्या डबीत ठेवला. दोन महिन्यांनी पुढच्या चाचणीला तेच इन्स्पेक्टर आले, तेव्हा चहाच्या वेळी डबी उघडून त्यांच्यापुढे धरली आणि सगळं सांगून टाकलं. नोकरी गेली तर जाऊ दे, असं ठरवून सांगितलं. त्यांनी डबी उजेडाकडे धरून पाहिली. रबर तुम्ही पाहिलं का, त्यांनी विचारलं. नाही पाहिलं, मी म्हटलं. मग वर काय लिहू, तांदूळ सापडला म्हणून? तिथे बसवल्यावर अधूनमधून तपासतात, काही असेल तर कळेल, म्हणाले. तपासतातच ना, मी विचारलं. तपासायला पाहिजे, ते म्हणाले आणि डबीचं झाकण लावून परत दिली. माझी नोकरी गेली नाही, काहीच झालं नाही. राग काढायला समोर कुणी असतं तर बरं वाटलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात रशियातल्या अणुभट्टीची बातमी आली. सोसायटीतले लोक टीव्हीवरच्या बातम्या संपल्या की जिन्यात मला गाठायचे. आपल्याकडे असं होईल का? मीच मिरवलेलं, आता उत्तरही मीच द्यायचं होतं. आपल्या भट्ट्या वेगळ्या प्रकारच्या आहेत, त्यांना जाड इमारत असते, हवा बाहेर पडू नये म्हणून व्हॉल्व्ह असतात, असं मी सांगायचो. लोक निर्धास्त होऊन वर जायचे. मला मात्र जेवण जात नव्हतं.

एका रविवारी दुपारी बायकोने ताटाकडे बघून विचारलं, काय होतंय तुम्हाला? मग मी डबी आणून तिच्यापुढे ठेवली आणि नळी जोडण्यापासून सगळं सांगितलं. रबराच्या रिंगचं समजावून द्यायला लागलो तर तिने थांबवलं.

"कळतं मला," ती म्हणाली. "कुकरच्या रिंगला एक शीत चिकटलं तरी कडेनं वाफ जाते, शिटी होत नाही."

ती ताटं उचलून आत गेली. बराच वेळ नळाचा आवाज येत होता. मी जाऊन पाहिलं तर ती कुकरची रिंग धूत होती, स्वच्छ झालेली रिंग पुन्हा पुन्हा बोटांनी चोळत.

चार-पाच दिवसांनी एका सकाळी डबा भरता भरता, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "त्या दिवशी तुमची बसची घाई होती ना, मी दोनदा नव्हते बघितले तांदूळ. राहिली असेल एखादी कणी."

मी बरं म्हटलं. डबा घेतला आणि निघालो. त्यानंतर आम्ही तो विषय काढला नाही.

पुन्हा खंडेनवमी आली. मी चपला घालून दारात उभा होतो, पण कुरकुर केली नाही. तिने निवडलेले तांदूळ एका बाजूला केले आणि कुंकू आणायला आत गेली. मी चटकन खाली बसलो आणि ते निवडलेले दाणे बोटाने पसरून, एकेक करून पाहिले. एक तरी कणी सापडावी म्हणून पाहत होतो. एकही नव्हती.