मामांनी टेबल सोडलं

कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये एक खुर्ची आहे आणि एक स्टूल आहे. खुर्चीला हात आहेत, पाठ आहे, मनात आलं तर गोल फिरायची सोय आहे. ती लॅब असिस्टंटची. स्टुलाला चार पाय आहेत, त्यातला एक आखूड. ते लॅब अटेंडंटचं, म्हणजे मामांचं. बावीस वर्षं मामा त्या स्टुलावर तिरके बसत आले. इतके, की आता सपाट जागी बसवलं तरी डावीकडे कलतात.

गेल्या वर्षी असिस्टंट रिटायर झाले आणि खुर्ची रिकामी झाली. ऑफिसातून कळवलं, की मामांना ती मिळू शकते, फक्त पहिल्या वर्षाचा फिजिक्सचा एक पेपर पास व्हायचा. वीज, चुंबक आणि प्रकाश. लेखी आणि प्रॅक्टिकल. संधी तीन.

"एवढंच ना?" मामा म्हणाले. "बावीस वर्षं मी दुसरं काय करतोय?"

पहिल्या दोन संधी ह्या 'एवढंच ना'मध्येच गेल्या.

तसं मामांना काय येत नव्हतं? लॅबमधल्या एकेका यंत्राचा स्वभाव त्यांना पाठ होता. चार नंबरचा गॅल्व्हानोमीटर म्हणजे जावईबापू. काचेवर मानाची टिचकी मारल्याशिवाय काटा हलणार नाही. सात नंबरचा अमीटर बढाईखोर, असेल त्यापेक्षा थोडं जास्तच सांगणार. लोहचुंबक मामा पेटीत जोडीजोडीने निजवायचे, एकाचं डोकं इकडे, दुसऱ्याचं तिकडे. "नवरा-बायकोसारखे," ते पोरांना समजावत, "तोंडं विरुद्ध दिशेला असली की वर्षानुवर्षं टिकतात."

पण पेपर काढणाऱ्याला जावईबापू ठाऊक नव्हते. 'गॅल्व्हानोमीटरची संवेदनशीलता कशी वाढवाल?' ह्या प्रश्नाला पहिल्या खेपेला मामांनी लिहिलं, 'टिचकी मारून.' दुसऱ्या खेपेला प्रश्न होता, 'शेजारच्या दोन तारांतून विरुद्ध दिशांनी प्रवाह सोडल्यास काय होईल?' मामांनी उत्तर दिलं, 'प्रथम मेन स्विच बंद करावा आणि मामांना बोलवावं.' तपासणाऱ्याने शून्य दिलं. मामांना अजून वाटतं, त्याने निदान अर्धा मार्क द्यायला हवा होता.

तिसरी आणि शेवटची संधी आली तेव्हा शिकवायला नव्या मॅडम होत्या. नव्या म्हणजे जगाला. मामांसाठी ती ठिणगी होती. चौदा वर्षांपूर्वी ह्याच लॅबमध्ये तिने बॅटरीची दोन्ही टोकं एकमेकांना जोडून टेबलाला भोक पाडलं होतं, आणि मामांनी ते भोक कायम एखादं जर्नल ठेवून झाकलं होतं. आता तीच फळ्यासमोर, आणि मामा शेवटच्या बाकावर, मुलांमध्ये, डावीकडे कलून.

"मामा, तुम्ही नियम पाठ करू नका," मॅडम म्हणाल्या. "असं का होतं ते स्वतःला विचारा."

"अगं ठिण... मॅडम, 'का' विचारत बसलो असतो तर बावीस वर्षांत एक यंत्र दुरुस्त झालं नसतं."

"मग निदान मामींना विचारायला सांगा."

हा सल्ला मामांना महागात पडला. मामींनी पुस्तकच ताब्यात घेतलं. भाजी चिरता चिरता त्या प्रश्न टाकायच्या.

"लेन्झचा नियम सांगा."

"निर्माण झालेला प्रवाह, ज्या कारणामुळे निर्माण होतो... त्याच कारणाला..."

"काय करतो?"

"नमस्कार?"

"विरोध करतो! अहो, ज्याच्यामुळे जन्माला आला त्यालाच विरोध. आपला थोरला! लक्षात ठेवायला एवढं जितंजागतं उदाहरण घरात आहे आणि तुम्ही नमस्कार कसले घालताय?"

आतल्या खोलीतून थोरला ओरडला, "मी असं काही करत नाही!"

"बघा," मामी म्हणाल्या, "नियम सिद्ध झाला."

अशा रीतीने लेखी परीक्षा पार पडली. काठावर, पण पडली. राहिलं प्रॅक्टिकल. त्या दिवशी सकाळी लॅबच्या दारातच मॅडमनी मामांना थांबवलं आणि त्यांच्या ॲप्रनच्या खिशातून स्क्रू-ड्रायव्हर, पॉलिश पेपर आणि तारेचं भेंडोळं काढून घेतलं.

"मामा, आज तुम्ही विद्यार्थी. बाहेरचे परीक्षक आलेत, फार कडक आहेत. जागा सोडली तर पेपर काढून घेतात. छत कोसळलं तरी टेबल सोडायचं नाही."

"छत कशाला कोसळेल? मागच्याच वर्षी दुरुस्त केलंय."

मामा स्वतःच परीक्षार्थी असल्यामुळे त्या दिवशीची मांडामांड केमिस्ट्रीच्या अटेंडंटकडे होती. तो सगळी यंत्रं टेबलांवर ठेवून आता दाराशी उभा होता आणि कुणी काही विचारलं, की हात वर करायचा. "मला ॲसिडचं विचारा."

मामांच्या वाट्याला मीटर ब्रिज आला. लाकडी फळीवर मीटरभर ताणलेली तार, वर दोन खाचा आणि त्यांच्या मधे गॅल्व्हानोमीटर जोडायचा स्क्रू. डाव्या खाचेत ठाऊक असलेला रेझिस्टन्स, उजव्या खाचेत शोधायचा. तारेवर टोकदार जॉकी टेकवत जायचं. काटा शून्यावर आला, की ती जागा मोजायची. पाच रीडिंग घ्यायची. उत्तर किती येतं हे मामांना झोपेतही सांगता आलं असतं. पिढ्यान् पिढ्या मुलं त्यांच्याच कानाशी लागून ते विचारत आली होती. पण स्वतः मोजायची वेळ कधी आली नव्हती. पहिलं रीडिंग आलं. दुसरं आलं. मामांना चक्क मजा वाटायला लागली.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून हलकेच आवाज आला, "मामा..."

शेजारच्या मुलीचा काटा एकाच बाजूला पळत होता, मधे शून्यावर येतच नव्हता. तिने परीक्षकांना हाक मारली नव्हती की मामांकडे मदत मागितली नव्हती. माणूस ठेच लागल्यावर 'आई गं' म्हणतो, तशी ती 'मामा' म्हणाली होती. पण मामांच्या पायांना हा फरक कुठला कळायला? त्यांचं डोकं 'टेबल सोडायचं नाही' हे आठवेपर्यंत पाय तिच्या टेबलाशी पोचले होते आणि हात रिकाम्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर शोधत होता.

"कुठे निघालात?" परीक्षक.

"कनेक्शन बघायला."

"कुणाचं?"

"हिचं."

"तुमचं झालं?"

"माझं कुठे पळून जातंय?"

मॅडमनी डोळे मिटून घेतले. परीक्षकांनी लाल पेन काढलं, मामांचा कागद उचलला आणि कोपऱ्यात काहीतरी लिहायला सुरुवात केली. मामांना तो कोपरा दिसेना. दिसत होती ती भिंतीपाशी ठेवलेली, हात असलेली खुर्ची.

"सर," मॅडम म्हणाल्या, "हे इथले अटेंडंट आहेत. बावीस वर्षं 'मामा' म्हटलं की उठतात."

परीक्षकांचं पेन थांबलं. त्यांनी मुलीचा ब्रिज पाहिला, जॉकी इकडेतिकडे टेकवली, चष्मा वर केला. मग दाराकडे पाहिलं. दारातून हात वर झाला. "ॲसिडचं विचारा."

"यंत्र बिघडलं तर विद्यार्थ्याचा दोष नाही, ते ठीक करावंच लागेल," परीक्षक म्हणाले. "पण तुम्ही आज अटेंडंट नाही. जागेवर जा. हात मागे. न शिवता सांगा, काय बिघडलंय. आणि का. हीच तुमची तोंडी परीक्षा."

मामा जागेवर गेले. आजवर त्यांची पद्धत एकच होती: सगळे स्क्रू एकेक करून आवळायचे, सगळ्या तारा हलवायच्या, कुठे ना कुठे दुखणं सापडतंच. आता हात मागे बांधलेले. उरलं फक्त डोकं, आणि त्याला ह्या कामाची सवय नव्हती.

"ताई," ते मुलीला म्हणाले, "डाव्या टोकाला टेकव बरं. काटा?"

"हलत नाही, मामा."

"आता उजव्या टोकाला."

"एका बाजूला पळतोय. खूप."

मामा मनाशी जुळवू लागले. डावं टोक स्वस्थ. म्हणजे मधला स्क्रू आणि डावं टोक एकाच पातळीवर आहेत. म्हणजे मधल्या स्क्रूला डावीकडूनच वीज पोचतेय, उजवीकडचं कुणी त्याच्याशी बोलतच नाही...

"उजवी खाच!" मामा एवढ्याने ओरडले, की केमिस्ट्रीवाला दचकला. "तिकडचा रस्ता तुटलाय! डाव्या टोकाला काटा स्वस्थ बसतो, म्हणजे दुखणं उजव्या खाचेत! स्क्रू आवळलेला आहे ना? मग ती लाल तार आतून तुटलीय. हे असं असतं होय! बावीस वर्षं मी चारही स्क्रू आवळतोय हो!"

तार बदलली. काटा डावीकडे गेला, उजवीकडे गेला, मधे येऊन शून्यावर बसला.

"हं," परीक्षक म्हणाले. "लेन्झचा नियम?"

"आमचा थोरला," मामा एकदम बोलून गेले, आणि मग सावरून रीतसर नियम सांगितला.

परीक्षक पहिल्यांदाच हसले. "आमच्याकडे धाकटा आहे."

घंटा झाली तेव्हा मामांच्या कागदावर पाचाऐवजी तीनच रीडिंग होती. उरलेल्या दोन जागी काय भरायचं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मामांनी त्या जागा कोऱ्या सोडल्या आणि कागद दिला.

महिन्याभराने निकाल लागला. पासाला लागत होते पस्तीस. मामांना मिळाले छत्तीस. त्या दिवशी मामी मुद्दाम खुर्ची बघायला लॅबमध्ये आल्या. खुर्चीवर मामांचा ॲप्रन बसला होता. मामा सहा नंबरच्या टेबलाशी वाकून, हात पाठीमागे धरून कुणाला तरी विचारत होते, "डाव्या टोकाला टेकव. काटा काय म्हणतो?"

"अहो, बसलात तरी का एकदा?" मामींनी विचारलं.

"बसलो होतो सकाळी," मामा म्हणाले. "डावीकडे कलते जरा. बघायला हवी."