जुन्या डिस्क

खंडेनवमीला शिलाई मशीन आणि मिक्सरशेजारी तुमचा जुना गेमचा डबाही पुसून मांडला, त्याला झेंडूचं फूल वाहिलं. तेवढ्यात ईशान, तुझा फोन आला.

“आजी, आम्ही नवा कन्सोल घेतला. तुझ्याकडच्या डिस्क टाकून दे. यात त्या चालत नाहीत.”

“जुन्या डिस्क चालतील का, हे घेण्याआधी दुकानात विचारलं होतंस?”

“जुने गेम कोण खेळतं गं आता?”

“आजी खेळते!” मागून तुझी बहीण मीरा म्हणाली, आणि तुम्ही दोघंही हसलात.

मिक्सर घेताना जुनं भांडं त्यावर बसतं का, हे मी आधी विचारते. दुकानदार तोंड वाकडं करतो, तरी विचारते. धडधाकट भांडं नव्या यंत्राला चालत नाही म्हणून भंगारात का जावं? तुम्हाला हा प्रश्न पडतच नाही.

सुट्टीत गाड्यांच्या शर्यतीत तुम्ही मला हरवायचात. निदान त्यासाठी तरी याल, म्हणून डिस्क मऊ फडक्यात जपल्या होत्या.

पुजलेलं यंत्र त्या दिवशी चालवत नाहीत. दसऱ्याला डबा लावला. उत्तम चालतो. सवयीने दोघांची शर्यत निवडली. पडद्यावर सूचना आली: दुसऱ्या खेळाडूने बटण दाबावे. ती बराच वेळ तशीच होती. मग मीच डबा बंद केला.